हसण्याच्या अलीकडे

कानाचं मशीन बसवून निघालो तेव्हा साडेतीन झाले होते.
राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
सुरुवातीला सगळंच मोठं वाटेल, काढून ठेवू नका.
आण्णांनी मान हलवली
आणि रंकाळा मागे पडेपर्यंत
दोनदा काढून खिशात घातलं,
दोनदा मी गाडी थांबवून बसवलं.

एकतीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस.
आमच्यात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकवायचं.
लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं,
ही माणसं सारखी भांडतात.

आता त्यांना माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या, गिअर टाकताना.
"ह्ये काय वाजतंय?"
इंडिकेटर, आण्णा.
"आन् ह्ये?"
तुमच्याच मांडीवरची पिशवी.
"लईच बोलती गं गाडी तुझी."

हळदीच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर,
दोन-दोन ट्रॉल्या, वर हे एवढाले स्पीकर.
आण्णांनी दोन्ही कान झाकून घेतले,
पोरं फटाक्याला झाकतात तसे.
परित्याला कारखान्याची चिमणी आली,
तिकडं बघितलं नाही.

राधानगरीत चहा नको म्हणाले.
फेजिवडे सोडलं की रस्ता झाडीत शिरतो,
उजेड पातळ होतो.
मी दिवे लावले
आणि वळणावर भिंत होती.

पाय ब्रेकवर कधी गेला आठवत नाही.
गाडी एक आचका देऊन बंद पडली.
भिंतीखाली चार पांढरे मोजे,
गुडघ्यापर्यंत नीट ओढलेले,
सोमवारी सकाळी शाळेला निघालेल्या पोराचे असतात तसे.
वर नुसतं काळं. दिव्यांचा उजेड त्यात मुरून जात होता.
एका शिंगात उसाचं पाचट लोंबत होतं.
कुणाच्या तरी फडातनं जेवून आलेला.

"दिवे घालव,"
आण्णा म्हणाले.

हळू म्हणाले.
अकरा वर्षांत मी त्यांना कुजबुजताना ऐकलं नव्हतं.
त्यांना ते येतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मी दिवे घालवले.
इंजिन निवत होतं, टिक, टिक,
आण्णांनी बॉनेटकडं असं बघितलं की जणू तेही गप्प बसेल.
काच अर्धी खाली होती. माझा हात बटणावर,
पण काच वर घेतली तर आवाज होईल.

मग तो श्वास.
लांब, ओला, पोटातनं निघालेला,
माझ्या अंगावर काटा आला
आणि आण्णा पुढं झुकले, जिकडून आला तिकडं,
मशीनचा कान काचेबाहेर काढून.
परत एकदा.
परत.

किती वेळ, सांगता येणार नाही.
मागनं एक दुधाची गाडी आली, तिचे दिवे पडले,
तसा तो दांडगा देह
एका ढांगेत बांधावर चढला, एवढासा पाचोळा वाजवून.
एक दगड सुटला.
आण्णांनी तो शेवटपर्यंत ऐकला,
खाली, पार ओढ्यापर्यंत.

"शिजन संपला की आम्ही वाफ सोडायचो," ते म्हणाले,
"शेवटची. अशीच."
पुढं हसणे येईपर्यंत काही बोलले नाहीत.

घरी सगळे विचारत बसले, केवढा होता, एकटा होता का,
फोटो का काढला नाहीस.
मी सांगत होते, हातभर वाढवून.
आण्णा कुठं दिसेनात.

गोठ्यात होते.
बारा वर्षांची आमची मुऱ्हा म्हैस बसलेली,
हे तिच्या नाकापाशी उकिडवे.
चप्पल वाजली तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

मी दारातनंच म्हणाले, अगदी साध्या आवाजात,
आण्णा, भाकरी गार व्हायला लागल्यात.

ऐकलं त्यांनी.
आले नाहीत.